१९ जूनच्या कार्यक्रमाचा निधी कोठे द्यावा आणि फलकावर काय छापावे?

प्रश्न : अंबाजोगाईची वाचक

नमस्कार. मी अंबाजोगाईत एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि गेली नऊ वर्षे आमच्या भागातल्या महिला वाचन मंडळाचे काम पाहते. मंडळात आम्ही चौतीस जणी आहोत. शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, दोघी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत आणि निम्म्याहून अधिक जणी बचत गटांतल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही नादिया मुराद यांच्याविषयी सलग तीन बैठका वाचन केले. इराकमधल्या सिंजार भागातील कोचो या त्यांच्या यझिदी (इराकमधला एक अल्पसंख्य धर्मसमुदाय) गावावर ऑगस्ट २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने हल्ला केला, पुरुषांना मारले आणि तरुण मुलींना गुलाम म्हणून विकले. त्यातून निसटलेल्या नादिया यांना २०१८ मध्ये काँगोचे डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यासोबत शांततेचे नोबेल मिळाले. तिसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी उठले नाही. मग एका बचत गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे ऐकून आपण नुसतं घरी जायचं का?"

तेथून हे काम सुरू झाले. उन्हाळ्यात आम्ही कुरडया, शेवया आणि ज्वारीचे पापड केले. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून चीक काढायचा, पहाटे चारला उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर घालायचा, हे सगळे या बायकांनी घरची कामे सांभाळून केले. विक्रीतून ५३,२०० रुपये मिळाले. दुकानांत आणि महाविद्यालयात ठेवलेल्या डब्यांत ८,२५० रुपये जमले. एकूण ६१,४५० रुपये आज माझ्या आणि कोषाध्यक्षबाईंच्या संयुक्त खात्यात आहेत.

१९ जून हा संघर्षातील लैंगिक हिंसाचाराच्या निर्मूलनासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. अशी हिंसा युद्धाचे डावपेच म्हणून वापरली जाते हे मान्य करणारा १८२० क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००८ मध्ये याच तारखेला केला आणि २०१५ मध्ये आमसभेने हा दिवस जाहीर केला. त्या दिवशी कार्यक्रम घेऊन निधी योग्य ठिकाणी सुपूर्द करावा असा आमचा विचार आहे. मात्र तीन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे पैसा नेमका कोठे आणि कसा द्यावा, हे आम्हाला कळत नाही. दुसरी अडचण फलकाची आहे. एका विद्यार्थिनीने मनापासून फलक तयार केला. त्यावर इंटरनेटवरून घेतलेले एका आफ्रिकी मुलीचे रडतानाचे छायाचित्र आहे आणि खाली 'हिची अब्रू वाचवा' असे लिहिले आहे. तो पाहून मला अस्वस्थ वाटले, पण तिला नेमके कारण समजावता आले नाही. तिसरी अडचण मला सर्वांत अधिक छळते. गावातले काही जाणते लोक म्हणतात की आपल्या दारात एवढे असताना तुम्हाला काँगो आणि इराक कशाला हवेत. महासचिवांच्या अहवालात २०२३ या एका वर्षात संघर्षातील लैंगिक हिंसेच्या ३,६८८ घटनांची पडताळणी झाल्याचे आणि त्यांत ९५ टक्के स्त्रिया व मुली असल्याचे म्हटले आहे, हे मी त्यांना सांगितले. आकड्याने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : लातूरची वकील

ताई, आधी पैशाचे पाहू, कारण तेथे चूक झाली तर चांगल्या कामाला बट्टा लागतो.

तुमचे मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर डब्यांतून जमवलेली रक्कम ही सार्वजनिक वर्गणी ठरते आणि तिच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क लागू होते. गणेशोत्सवात मंडळे धर्मादाय कार्यालयातून जी तात्पुरती परवानगी घेतात, ती याच कलमाखालची. तुम्ही ती घेतलेली दिसत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु डब्यांचे ८,२५० रुपये वेगळे ठेवा, सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेबासह लेखी अर्ज द्या आणि तेथून मार्ग निघेपर्यंत त्या रकमेला हात लावू नका. कुरडयांच्या विक्रीचे पैसे ही तुमची कमाई आहे, त्यामुळे तिचा प्रश्न सोपा आहे. खरेदीच्या पावत्या आणि विक्रीची वही मात्र जपून ठेवा.

परदेशात पैसे पाठवण्याबाबत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. परकीय योगदान नियमन कायदा परदेशातून येणाऱ्या पैशासाठी आहे. येथून बाहेर जाणाऱ्या पैशाला परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, लागू होतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणारी व्यक्ती ठरावीक मर्यादेत परदेशी संस्थेला देणगी पाठवू शकते, परंतु ही सोय व्यक्तीसाठी आहे, मंडळासाठी नाही. एखाद्या सभासदाने मंडळाचे पैसे आपल्या नावावर पाठवणे मला योग्य वाटत नाही. उद्या प्राप्तिकर खात्याने विचारले तर ते त्या बाईच्या अंगावर येईल. त्यापेक्षा अशा कामासाठी भारतात रीतसर नोंदणी असलेली आणि येथेच पावती देणारी संस्था निवडा. देणगी धनादेशाने किंवा बँकेतून द्या.

फलकाविषयी तुमची अस्वस्थता रास्त आहे. आपल्याकडे बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असे काहीही छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पीडिता हयात नसली तरी तिचे नाव जाहीर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. छायाचित्रातली मुलगी परदेशातली आहे म्हणून कायद्याची कक्षा कदाचित बदलेल, माणुसकीची बदलत नाही. ती खरोखर पीडित आहे की दुष्काळी छावणीत भुकेने रडणारी मुलगी आहे, हेही आपल्याला माहीत नसते. ती पीडित नसेल तर आपण तिच्या माथी काय मारतो आहोत, याचा त्या विद्यार्थिनीने विचार करावा. नादिया मुराद यांचे छायाचित्र वापरण्यास माझी हरकत नाही, कारण आपल्या नावाने आणि चेहऱ्याने जगासमोर बोलायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. त्यांच्याच नावाने २०२२ मध्ये एक आचारसंहिता तयार झाली आहे. पत्रकार, तपास अधिकारी, संस्था अशा कोणालाही पीडितांकडून माहिती घ्यायची असेल तर तिची खरोखर गरज आहे का, ती आधीच दुसरीकडे नोंदलेली आहे का आणि बाईने सर्व समजून होकार दिला आहे का, हे आधी पाहावे, असा तिचा गाभा आहे. निधी गोळा करणाऱ्यांनीही ती वाचावी.

आता पाठपुराव्याविषयी, कारण तुमच्या प्रश्नात पैसा आहे पण मागणी नाही, आणि मला ती उणीव वाटते. रवांडातील १९९४ च्या वंशसंहारानंतर आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात ताबा गावाचा माजी महापौर ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्ष द्यायला आलेल्या स्त्रिया दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देताना त्याविषयी बोलू लागल्या, खंडपीठावरील एकमेव महिला न्यायाधीश नवी पिल्ले यांनी त्यांना पुढे विचारले, महिला संघटनांनी न्यायाधिकरणाला निवेदन दिले आणि १९९७ मध्ये आरोपपत्र बदलले गेले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो हे जगात प्रथमच मान्य झाले. त्या संघटनांनी निवेदन लिहिण्याचे कष्ट घेतले नसते तर काय झाले असते, याचा मी वकील म्हणून अनेकदा विचार करते.

आपल्या देशापुरते बोलायचे तर दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये शिफारस केली होती की, अशांत भागात सशस्त्र दलांच्या व्यक्तीवर लैंगिक गुन्ह्याचा आरोप असेल तर खटल्यासाठी केंद्राच्या पूर्वपरवानगीची अट नसावी. सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्यातली ती अट अजून तशीच आहे. सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावानुसार शंभरहून अधिक देशांनी स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयावर राष्ट्रीय कृती आराखडे केले. त्यांत भारत नाही. याच भारताने २००७ मध्ये लायबेरियात केवळ महिलांचे पोलीस पथक शांतिसेनेसाठी पाठवले होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातले ते असे पहिलेच पथक होते. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे नाही. या दोन मागण्या घेऊन तुमच्या खासदारांना चौतीस सह्यांचे पत्र गेले, तर त्याचे मोल ६१ हजार रुपयांहून कमी नसेल.

प्रतिसाद २ : गोदाकाठची सिस्टर

मी नांदेडची. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे आणि मध्यंतरी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेतर्फे अकरा महिने दक्षिण सुदानमध्ये होते. पैसा कोठे द्यावा, याचे उत्तर मला एका खोक्याच्या रूपात सुचते, म्हणून त्या खोक्याविषयी सविस्तर लिहिते.

बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखण्याची औषधे सुरू झाली तरच त्यांचा उपयोग होतो, आणि ती २८ दिवस रोज घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांनंतर ती चालत नाही. त्याशिवाय गुप्तरोगांसाठी प्रतिजैविके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कावीळ 'ब'ची लस असते. हे सगळे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावते. यांतले एकही औषध भारतात दुर्मीळ नाही. आपल्याकडे तर असे उपचार विनामूल्य आणि तातडीने देणे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. तेथे मात्र सगळा प्रश्न एवढाच असतो की ती बाई पोहोचेल तेव्हा ते खोके तेथे आधीपासून आहे की नाही. पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात आणि विमान उतरत नाही. दोन दिवस चालत आलेल्या बाईला पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात काहीच अर्थ नसतो.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बेंतिऊ परिसरात दहा दिवसांत १२५ स्त्रिया आणि मुली उपचारांसाठी आल्याचे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने जाहीर केले होते. त्यांतल्या अनेक जणी धान्यवाटपाच्या ठिकाणाकडे पायी निघालेल्या होत्या. रेशन आणायला निघालेली बाई वाटेत गाठली जाते, ही गोष्ट मी येथे बसून वाचली असती तर कदाचित पुढच्या पानाकडे वळले असते. तेथे राहिल्यावर मला वाटेकडे पाहण्याची दुसरी सवय लागली. सरपणाला किंवा पाण्याला जाणाऱ्या बायका एकत्र आणि उजेडात निघाव्यात म्हणून गावातल्याच बायकांचे गट बांधणे, हेसुद्धा उपचाराइतकेच महत्त्वाचे काम आहे आणि त्यासाठीही पैसा लागतो.

आणखी एक गोष्ट सांगते. ती कोणा एकीची नाही, कित्येकींबाबत मी ती पाहिली, म्हणूनच सांगते. २८ दिवसांच्या गोळ्या घरी नेल्या तर नवऱ्याला किंवा सासूला कळेल आणि आपल्याला हाकलून देतील, या भीतीने बायका गोळ्या दवाखान्यातच ठेवून जात आणि मग रोज येणे जमत नसे. तेथल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्तीने त्यांना गोळ्या ज्वारीच्या टोपल्यात तळाशी ठेवायला शिकवले. तिकडेही ज्वारीच खातात. दळणाआधी धान्य निवडायला बसले की एक गोळी काढायची आणि तोंडात टाकायची. त्या वेळी बाईकडे कोणी पाहत नाही. माझ्यासारखी बाहेरून गेलेली परिचारिका हे कधीही सुचवू शकली नसती. त्यामुळे ज्या संस्थेला पैसे द्याल तिच्याकडे त्याच भाषेतल्या, त्याच गावांतल्या बायका पगारावर आहेत का, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारा. खोक्यांचा साठा किती महिन्यांचा असतो, हेही विचारा. आणि त्या संस्थेच्या जाहिराती पाहा. रडणारे चेहरे दाखवून पैसे मागणारी संस्था दवाखान्यात काय जपत असेल, याविषयी मला शंका येते.

डॉ. मुक्वेगे यांचे बुकावू येथील पांझी रुग्णालय १९९९ पासून हे काम करते आहे. शस्त्रक्रिया, मानसिक आधार, वकिली मदत आणि पोटापाण्याचे शिक्षण ही चारही कामे एकाच आवारात व्हावीत, हा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटाने बुकावू शहरच ताब्यात घेतले. त्याच सुमारास अमेरिकेने परदेशी मदत आखडती घेतल्याने काँगोत या खोक्यांचा पुरवठाही तुटला. तुमच्या कुरडयांचे पैसे त्या खड्ड्यात किती पुरतील असे कोणी म्हटले, तर त्याला सांगा की खोके एका वेळी एकाच बाईला लागते.

एक छोटी सूचना. पुरुष आणि मुलगेही या हिंसेचे बळी ठरतात आणि ते दवाखान्यात अजिबात येत नाहीत. कार्यक्रमात एक वाक्य तरी त्यांच्यासाठी असू द्या.

प्रतिसाद ३ : बालाघाट, बीड

सिस्टर आणि वकीलताई यांच्याविषयी आदर बाळगून मी वेगळे मत मांडतो. गावातले जाणते लोक चुकीच्या हेतूने बोलत असतील, पण त्यांचा प्रश्न टाकाऊ नाही.

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी हिंसाचार सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. देशाने ते पाहिले १९ जुलैला, चित्रफीत पसरल्यावर. मधले अडीच महिने त्या स्त्रिया आपल्याच देशात होत्या आणि तक्रारही नोंदलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुढे न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली तीन माजी न्यायाधीशांची समिती नेमली आणि खटले गुवाहाटीला हलवले. विस्थापितांच्या छावण्यांत राहिलेल्या बायकांना साक्षीसाठी, उपचारांसाठी आणि पुन्हा उभे राहण्यासाठी मदत लागते. तेथे पैसे पाठवायला फेमा आडवा येत नाही. मग पहिला हक्क त्यांचा का नसावा?

हा विषय माझ्यासाठी दूरचा नाही, म्हणून थोडे घरचे सांगतो. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीला आग लागली. माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती आणि तिच्या दोन चुलतबहिणी रात्रभर उभ्या पिकात बसून राहिल्या. आग लागली म्हणून पळालो असे ती म्हणत नाही. माणसे येत होती म्हणून पळालो, असे म्हणते. जळालेल्या घरांचे पंचनामे झाले. बायकांना कशाची भीती होती हे कोणत्याही पंचनाम्यात लिहिलेले नाही. जातीय किंवा सांप्रदायिक हिंसाचारातील बलात्कार हा अधिक गंभीर प्रकार म्हणून आपल्या दंडविधानात आला तो २०१३ मध्ये, आणि आता तो न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये आहे. म्हणजे 'संघर्ष' या शब्दात आपली गावे येतात, हे कायद्यानेही मान्य केलेले आहे. तुमच्या कार्यक्रमात फक्त इराक आणि काँगो राहिले, तर माझ्या आईसारख्या बायका मागच्या रांगेत बसून ते ऐकतील आणि आपले काही घडलेच नव्हते असे समजून घरी जातील.

प्रतिसाद ४ : निवृत्त गुरुजी, उमरगा

मी आयुष्यभर मराठी शिकवली, म्हणून मी शब्दांपासून सुरुवात करतो. त्या विद्यार्थिनीने 'अब्रू' हा शब्द वापरला, यात तिचा दोष नाही. आपली वर्तमानपत्रे अजूनही 'अब्रू लुटली' असे छापतात. जी वस्तू लुटली जाते ती ज्याच्याकडे होती त्याच्याकडे उरत नाही, असा त्या शब्दाचा अर्थ होतो. म्हणजे गुन्हा करणारा निघून जातो आणि काहीतरी गमावलेली बाई मागे उरते. आमच्या भागात याहून भयंकर शब्द होता, 'बाटली', म्हणजे विटाळली. त्या शब्दाचे मी पाहिलेले परिणाम सांगतो.

उमरगा, निलंगा, धाराशिव या पट्ट्यातल्या जुन्या माणसांसाठी काळाचे दोन तुकडे होते, रझाकारीच्या आधीचा आणि नंतरचा. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावे लुटली, बायकांवर अत्याचार केले, हे दरवर्षी १७ सप्टेंबरला भाषणांत येते आणि यायलाच हवे. मात्र भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले, त्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत सूडाची जी लाट आली, ती भाषणांत येत नाही. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी त्या भागांत फिरून अहवाल दिला. त्यात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे, सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत, आणि खुनांबरोबर बलात्कार आणि स्त्रियांच्या अपहरणाचीही नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना पाहायला मिळाला. दोन्ही वेळा मारणारे वेगळे होते आणि मरणारेही वेगळे होते, परंतु बायकांच्या वाट्याला आले ते एकच.

माझ्या आजोळी एक म्हातारी होती. तिला त्या सालात नेले होते आणि अकरा दिवसांनी ती परत आली, एवढेच आजी सांगत असे. ती कोणत्या धर्माची होती आणि तिला कोणी नेले होते, हे मी जाणीवपूर्वक लिहीत नाही, कारण ते लिहिले की वाचणारा लगेच आपली बाजू धरून बसतो. ती परत आली त्या दिवशी तिच्या माणसांनी तिला घरात घेतले. घरात घेतले, यालाच गावाने मोठेपणा मानले. पण माठाला तिने हात लावायचा नाही असे ठरले. तिचा पितळेचा पेला पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे आणि त्यात पाणी दुसऱ्या कोणीतरी वरून ओतायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना, म्हणजे १९६५ च्या आसपास, मीही ते ओतले आहे. काय करतो आहोत हे मला कळत नव्हते. ती पेला दोन्ही हातांनी धरायची आणि पाणी भरेपर्यंत खाली पाहायची. सतरा वर्षांनंतरही ती खालीच पाहत होती.

म्हणून ताई, 'अब्रू' हा शब्द काढा, आणि तो का काढला हे त्या मुलीला निवांत बसून सांगा. 'पीडिता' चालेल, कायद्यात तो आहे. 'अत्याचार सोसून उभ्या राहिलेल्या स्त्रिया' असे लांबलचक लिहिले तरी चालेल. फलकावर जागा होते. आणि कार्यक्रमात कोणाला बोलण्याचा आग्रह करू नका, पण कोणी बोलू लागले तर ऐकायला कोण बसणार आहे, हे आधी ठरवून ठेवा. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या एकदा बोलायला लागल्या की मध्येच थांबत नाहीत, आणि माईकसमोर त्यांना थांबवावे लागले तर ते फार वाईट होईल.

प्रतिसाद ५ : अंबाजोगाईची वाचक

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री मंडळाची बैठक घेतली आणि हे सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. गुरुजी, तुमच्या पेल्याशी आल्यावर मला वाचता येईना. पुढचे अंगणवाडीच्या ताईंनी वाचले.

आमचे काय ठरले ते कळवते. डब्यांचे ८,२५० रुपये वेगळे काढले आहेत आणि सोमवारी अर्ज घेऊन आम्ही दोघी धर्मादाय कार्यालयात जाणार आहोत. उरलेल्या ५३,२०० रुपयांवर बराच वाद झाला. बीडच्या दादांचे म्हणणे बहुतेकींना पटले, परंतु सिस्टरांचे खोकेही कोणाच्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या की, शेतात दोन वाफे असले की आपण पाणी आळीपाळीने देतो, एक वाफा वाळवत नाही. निम्मी रक्कम मणिपूरमधल्या विस्थापित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या येथल्या नोंदणीकृत संस्थेला आणि निम्मी वैद्यकीय मदतीच्या कामाला, असे ठरले. दोन्ही ठिकाणी सिस्टरांनी सांगितलेले प्रश्न लेखी पाठवत आहोत. उत्तर समाधानकारक नसेल तर पैसे थांबवू, १९ तारीख गेली तरी चालेल.

हे ठरताना एका तरुण सभासदाने विचारले की आपण मदत करतो आहोत की कोणाला अधिक दुःख झाले याची तुलना. मला तो प्रश्न योग्य वाटला आणि मी त्याचे उत्तर दिले नाही. गावातल्या जाणत्यांना मात्र आता माझ्याकडे उत्तर आहे. 'आपल्या दारात' असे ते म्हणतात तेव्हा दाराच्या आतले ते स्वतः कधी बोलले आहेत का, हे मी त्यांना विचारणार आहे. सुंदरलाल अहवाल मी इतिहासाची पदवी घेताना कधी ऐकला नाही, आणि वीस वर्षे १७ सप्टेंबरला मुलांपुढे भाषण केले आहे.

फलक त्या विद्यार्थिनीनेच नव्याने केला. मी तिच्याशी तासभर बोलले. ती आधी रडवेली झाली आणि मग तिनेच विचारले की त्या छायाचित्रातल्या मुलीची क्षमा कशी मागायची. नव्या फलकावर कोणाचाही चेहरा नाही. ज्वारीने भरलेले टोपले आहे आणि त्याखाली '७२ तास' एवढेच मोठ्या अक्षरांत आहे. लोक थांबून विचारतील आणि मग आपण सांगू, असे तिचे म्हणणे आहे.

कार्यक्रम सायंकाळी साडेसातला ठेवला आहे, कारण मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर १९ जूनला दिवसभर सगळ्या जणी पेरणीवर असतील. सभागृहामागच्या खोलीत आमच्या दोन्ही परिचारिका बसतील. तेथे माईक नसेल, नोंदवही नसेल आणि माठातले पाणी असेल. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी केंद्राचा पत्ता दारावर लावणार आहोत. दादा, तुमच्या आईंना यायचे असेल तर आणि तरच घेऊन या. त्या पुढच्या रांगेत बसतील.

वकीलताई, खासदारांच्या पत्राचा मसुदा मी उद्या येथे टाकते. मंडळ नोंदणीकृत नाही, तेव्हा त्यावर मंडळाचा शिक्का मारावा की केवळ चौतीस जणींच्या सह्या पुरेत?

प्रतिसाद ६ : लातूरची वकील

शिक्का नको. सह्या घ्या, प्रत्येकीचे पूर्ण नाव आणि गाव लिहा, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा दोन साक्षीदारांसह घ्या. पत्र स्पीड पोस्टने नोंदणीसह पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मसुदा टाका, मी रविवारी वाचते.